विमा मिळेल, पण त्या फॉर्मवर वहिनींची सही घेऊ नका

पत्र थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून:

साताऱ्यातले एक वाचक, वय अडतीस, मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान. घरी आई, बायको आणि आठवीतली मुलगी. गाडी 1197 सीसीची, पेट्रोल, सात वर्षं जुनी. गेल्या वर्षी रिव्हर्स घेताना ती भिंतीला घासली, त्याचा क्लेम घेतला. पुणे-बंगळूर महामार्गावरची वेगाची पाच ई-चलनं थकली आहेत. डिसेंबरात मित्राच्या कार्यक्रमाहून परतताना वाढे फाट्याजवळ नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. कोर्टात दहा हजार दंड भरला. लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं, त्यातले साडेचार महिने गेले. मधल्या काळात पॉलिसी संपली, तिलाही चार महिने झाले. एजंट म्हणतो, "तुम्ही आता हाय रिस्क, कंपन्या उभं करणार नाहीत. गाडी वहिनींच्या नावावर करा, नवी पॉलिसी काढू, वीस टक्के नो क्लेम बोनसही लावून देतो." अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, तिकडे अशा माणसाचा प्रीमियम दुपटी-तिपटीने वाढतो. बायको सही करायला तयार नाही. नावबदलाचे फॉर्म पंधरा दिवस फ्रिजवर पडून आहेत. वाचक लिहितात, "गाडी तशी बंदच आहे, फक्त सकाळी एमआयडीसीतून माल आणायला आणि पाऊस असला तर मुलीला क्लासला सोडायला काढतो. ताई, कमी पैशात विमा कसा मिळेल? आणि बायकोला कसं समजावू?"

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना जुन्या सवयीने विम्याचे मुद्दे पेन्सिलीने अधोरेखित करत गेले. सव्वीस वर्षं मी मोटार क्लेमच्या टेबलावर काढली, थोडी सांगलीत आणि बाकीची साताऱ्यात, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र नजर एका शब्दावर अडकली. त्या रात्रीबद्दल तुम्ही तीन वेळा ‘सापडलो’ असं लिहिलं आहे. ‘पिऊन गाडी चालवली’ असं एकदाही नाही. त्या शब्दाकडे मी परत येईन. आधी विम्याचं बोलू, कारण त्यातली एक गोष्ट आजच व्हायला हवी.

तुमच्या मनात बसलंय की आता तुम्हाला कोणी विमा देणार नाही. हे खरं नाही. आपल्याकडे गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर त्याची भरपाई. दुसरा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. दोन्ही एकत्र घेतले की आपण त्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, आणि मोटार विमा विकणाऱ्या कंपनीला तो नाकारता येत नाही. त्याचा दरही कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला वर्षाचे 3,416 रुपये. 18 टक्के जीएसटी धरला की चार हजार तीसच्या आसपास. पैसे भरायच्या दिवशी चालू दर एकदा बघून घ्या, पण तो दर तुमच्या शेजाऱ्याच्या तेवढ्याच सीसीच्या गाडीला जो, तोच तुम्हाला. डिसेंबरातल्या त्या केसमुळे त्यात एक रुपयाही वाढत नाही.

चुलतभाऊ खोटं बोलत नाहीत. ते तिकडचं सांगताहेत. अमेरिकेत विम्याचा हिशेब गाडीइतकाच, किंबहुना जास्तच, चालवणाऱ्या माणसावर होतो. दारूची केस झाली की प्रीमियम चढतो, आणि बऱ्याच राज्यांत विमा चालू असल्याचा दाखला कंपनीने थेट सरकारकडे दाखल करावा लागतो. आपल्याकडे अजून तसं नाही. तशी कल्पना पुढे आली होती. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2019 मध्ये एक गट नेमला आणि जानेवारी 2021 मध्ये त्याचा मसुदा आला. नियम मोडले की गुण आणि गुणांवर जादा प्रीमियम, अशी ती योजना होती. दारू पिऊन चालवल्याला 100 गुण, चुकीच्या पार्किंगला 10. सुरुवात प्रयोग म्हणून दिल्ली परिसरात करायची असं त्यात सुचवलं होतं. देशभरचा नियम म्हणून ती लागू झालेली नाही. म्हणजे एजंटने तुम्हाला जो ‘हाय रिस्क’ शिक्का दाखवला, तसा शिक्का असलेली कुठलीही सरकारी यादी नाही. त्या शब्दाने तुमची महिनाभर झोप उडाली, असं लिहिलंय तुम्ही. निदान तेवढी तरी परत मिळू द्या.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. तिथे कंपनीला मोकळीक असते. ती प्रीमियम वाढवू शकते, नकोही म्हणू शकते. पण तिथेही मुख्य हिशेब गाडीची किंमत, वय, सीसी आणि आधीचे क्लेम यांवरच होतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची असते. एजंट सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करू नका, फार कमीही लावून घेऊ नका. तुमच्या प्रीमियमला खरा फटका बसणार तो नो क्लेम बोनसचा, म्हणजे वर्षभर क्लेम घेतला नाही की प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचा. गेल्या वर्षी क्लेम घेतला तिथेच तो शून्यावर आला. आणि समजा शिल्लक असता, तरी पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही की तो जातोच. तुमचे चार महिने झाले.

मग एजंट जे ‘वीस टक्के लावून देतो’ म्हणतो ते काय आहे? खोटी माहिती आहे, दुसरं काही नाही. प्रस्तावावर, म्हणजे विमा घेताना भरायच्या फॉर्मवर, सही तुमची असते, एजंटची नसते. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खात्री करून घेते, आणि क्लेमच्या वेळी तर नक्कीच घेते. माझ्या टेबलावर अशा फायली दर महिन्याला यायच्या. चारपाचशे रुपये वाचवलेले असायचे आणि पन्नास हजारांचा क्लेम अडकलेला असायचा. समोरचा माणूस म्हणायचा, "मॅडम, मला माहीतच नव्हतं, एजंटने भरलं." आणि मी फॉर्म उलटा करून त्याला त्याचीच सही दाखवायची. मला ते काम कधीच आवडलं नाही. प्रस्तावात जे विचारलंय त्याचं खरं उत्तर लिहा. जे विचारलेलं नाही ते सांगत बसायची गरज नाही.

आता वहिनींच्या नावाचं. तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर मुद्दा हाच, आणि तुम्ही तो ‘बायकोला कसं समजावू’ एवढ्यावर आणून ठेवला आहे.

गाडी वहिनींच्या नावावर केली की कंपनीच्या लेखी माणूस नवा झाला, मागचं पुसलं गेलं, असं एजंटचं म्हणणं. पुसायला मुळात काही नव्हतंच हे वर सांगितलं. पण नाव बदललं की जबाबदारी बदलते, आणि ती कुठल्या दिशेने जाते ते नीट बघा. तुम्ही निलंबित लायसन्सवर गाडी काढली आणि दुर्दैवाने कोणाला धडक बसली, तर अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी म्हणून न्यायाधिकरण सहसा विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतं. पण पॉलिसीची अट मोडली म्हणून तेच पैसे मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. आमच्या भाषेत याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा स्वर्णसिंग खटल्यातला निकाल या बाबतीत आजही सांगितला जातो. त्यात एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो: चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नाही हे मालकाला माहीत होतं का? भाड्याने ड्रायव्हर ठेवलेला मालक कधीकधी म्हणू शकतो, मी लायसन्स पाहिलं होतं, ते खोटं निघालं. वहिनी काय म्हणणार? एकाच घरात राहून नवऱ्याचं लायसन्स निलंबित आहे हे माहीत नव्हतं, असं त्यांना म्हणता येईल का? शिवाय मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. तो आकडा किती होईल ते आज कोणी सांगू शकत नाही.

कराडकडची एक फाइल मला अजून आठवते. गाडी भावजयीच्या नावावर, चालवणारा दीर, त्याचं लायसन्स निलंबित. ऊसतोडीचा हंगाम, पहाटेचं धुकं, रस्त्यात उभी असलेली रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली चुकवताना समोरून येणाऱ्या दूधवाल्याच्या मोटारसायकलला धडक. दूधवाला गेला, मागे दोन लहान मुलं. कंपनीने पैसे भरले ते योग्यच झालं, त्या मुलांना ते मिळायलाच हवे होते. मग वसुलीची नोटीस निघाली आणि ती गेली गाडीच्या मालकिणीला. ती बाई आमच्या ऑफिसात आली तेव्हा नोटीस आठ घड्या घालून रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. सकाळचं काम उरकून आली असावी, नखांत घेवडा निवडल्याचे हिरवे डाग होते. तिने ती घडी माझ्या टेबलावर एकेक करून उलगडली आणि म्हणाली, "बाई, मला त्या गाडीचं दार बी धड उघडता येत न्हाई, आन् पैसं माझ्याकडनं कसं?" माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं, ते मी दिलं. त्या घराने पुढे अर्धा एकर विकला.

म्हणून मला वाटतं, वहिनी अडून बसल्या आहेत त्या हट्टाने नाही. त्यांना कलमं माहीत नसतील, पण आपल्या नावावर काय येतंय याचा अंदाज त्यांना तुमच्याआधी आला आहे. समजावायचं असलंच तर उलट करायला हवं. त्यांना काय वाटतंय ते विचारा आणि मधे न बोलता ऐका.

मालकाचंही एक कलम आहे, ते सांगून ठेवते. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मालक-चालकाचं जे पंधरा लाखांचं अपघाती कवच पॉलिसीबरोबर घ्यावं लागतं, त्यासाठी मालकाकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स लागतं. तुम्ही लिहिलंय की वहिनींकडे फक्त विनागियर स्कूटरचं आहे. म्हणजे गाडी त्यांच्या नावावर, जोखीम त्यांच्या माथी, आणि ते कवच त्यांच्या कामाचं नाही.

मग आज काय करायचं? आजच थर्ड पार्टी विमा घ्या. गाडी रस्त्यावर काढायची असो वा नसो, घ्या. कारण तुमचं ‘फक्त सकाळी’ आणि ‘फक्त पाऊस असला तर’ मी नीट वाचलं आहे. साताऱ्याचा पाऊस जूनला सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत असतोच. विमा नसलेली गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढे चार हजार, कैदही होऊ शकते. पण दंडाची भीती मला तेवढी वाटत नाही. विमा नसताना अपघात झाला तर ‘पे अँड रिकव्हर’ सुद्धा नाही. समोरच्याच्या घरात काही येणार ते तुमच्या खिशातूनच, आणि तुमच्या खिशात ते नसेल तर त्याच्या मुलांना काहीच नाही. नुसत्या थर्ड पार्टीला गाडीची तपासणी सहसा लागत नाही. पैसे भरले की पॉलिसी येते. मात्र तिच्यावर विमा कोणत्या तारखेपासून आणि किती वाजल्यापासून सुरू होतो ते वाचा. मागच्या चार महिन्यांना ती लागू होत नाही. एखाद्या शाखेने थर्ड पार्टीलाही नाही म्हटलं तर ‘नाही’ लेखी मागा आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. 155255 हा त्यांचा फोन आहे. माझ्या अनुभवात नुसतं ‘लेखी द्या’ म्हटलं की काम होतं.

फुल इन्शुरन्स हवा असेल तर तुटलेल्या पॉलिसीनंतर गाडीची तपासणी होते. हल्ली बऱ्याचदा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवावा लागतो, नाहीतर सर्व्हेअर येतो. त्याला घरी बोलवा. तपासणीसाठी गाडी स्वतः चालवत नेऊ नका, कारण नेमक्या त्याच रस्त्यावर तुमच्याकडे विमाही नसेल आणि लायसन्सही. भिंतीला घासल्याचे उरलेले डाग लपवू नका, ते फोटोत नोंदले गेलेले तुमच्याच फायद्याचे. पैसे वाचवायचे असतील तर सरळ मार्ग आहेत. ऐच्छिक वजावट 2,500 पासून 15,000 पर्यंत घेता येते. म्हणजे तेवढं नुकसान तुम्ही सोसायचं आणि त्या बदल्यात प्रीमियम कमी होतो. तुमच्यासारखा माणूस, ज्याची गाडी महिन्याला थोडीच फिरते, त्याने ‘जेवढं चालवाल तेवढं भरा’ या प्रकाराची चौकशी करावी. जुलै 2022 मध्ये आयआरडीएआयने अशा जोडकवचांना परवानगी दिली. त्यातच ‘जसं चालवाल तसं भरा’ हाही एक प्रकार आहे, त्यात वेग, ब्रेक वगैरे नोंदले जातात. तुमची पाच चलनं वेगाची आहेत हे मी विसरलेले नाही. कोणीतरी आपला वेग मोजतंय ही जाणीव तुम्हाला त्रासदायक वाटेल. वर्षभर करून बघा असं मी तरी म्हणेन.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर चार हजार भरून तुम्हाला वाटेल की सुटलो. विमा घेतला म्हणून निलंबित लायसन्सवर गाडी चालवायची मुभा मिळत नाही. निलंबनाच्या काळात चालवली तर दहा हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि पॉलिसी कितीही ‘फुल’ असली तरी त्या वेळी स्वतःच्या गाडीचा क्लेम मिळत नाही. दारू पिऊन चालवताना झालेल्या अपघातालाही तेच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तर दारूच्या अमलाखाली चालवणं हे कंपनीला कोर्टात मांडता येणाऱ्या बचावांमध्ये कायद्यानेच घातलं आहे. बाजारात अशी एकही पॉलिसी नाही जी या दोन गोष्टींना आसरा देईल. कोणी आहे म्हणून सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

राहिले दीड महिने. माल आणायला टेम्पो सांगा, किंवा एमआयडीसीतून दुकानावर पोचवून देणारे असतात त्यांच्याशी महिन्याचं ठरवा. वैध लायसन्स असलेला भाचा-पुतण्या तुमच्या परवानगीने चालवत असेल तर पॉलिसी चालते, मालकानेच चालवायला हवी अशी अट नसते. त्याचं लायसन्स मात्र आधी हातात घेऊन मुदत आणि वाहनाचा प्रकार बघा. मुलीच्या क्लासला रिक्षा लावा. रोजचे साठ-सत्तर रुपये जातील, जाऊ द्या.

आणि एक सुचवू का? गाडी वहिनींच्या नावावर करण्यापेक्षा वहिनींना गाडी शिकू द्या. त्यांना हवं असेल तर. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. फक्त शिकताना शेजारी वैध लायसन्स असलेला माणूस लागतो, तो सध्या तुम्ही होऊ शकत नाही. ड्रायव्हिंग स्कूल लावा. माझ्या ओळखीत एक बाई पंचेचाळिसाव्या वर्षी शिकली आणि आता नवऱ्याला डोळ्यांच्या तपासणीला पुण्याला घेऊन जाते, खंबाटकी घाटातून, स्वतः चालवत. अशा घरात ‘लग्नाहून रात्री परत येताना कोण चालवणार’ हा प्रश्न घरातून निघताना विचारला जातो, परतताना नाही.

चलनांचं पटकन सांगते. ई-चलनं ऑनलाइन बघा. एखादं चुकीचं वाटत असेल तर तिथेच हरकत घ्या, बाकीची भरा. लोकअदालतीत तडजोड होते खरी, पण तिच्या आशेवर वर्षानुवर्षं थांबू नका. थकलेली चलनं आरटीओच्या कामात आडवी येतात. लायसन्सची निलंबनाची मुदत संपली म्हणजे ते आपोआप खिशात येतं असं नाही. 2019 च्या दुरुस्तीने उजळणी प्रशिक्षणाची अट कायद्यात घातली आहे. तुमच्या बाबतीत काय लागेल ते मुदत संपायच्या आधीच सातारा आरटीओत जाऊन विचारा, आणि निलंबनाचा आदेश बरोबर न्या. मुदत संपली असेल अशा अंदाजाने गाडी काढू नका, लायसन्स हातात आल्यावरच काढा.

याच विषयावर मला आणखी काही पत्रं आली आहेत, त्यांनाही यातच उत्तर देते. दुचाकीवाल्यांनो, दुचाकीलाही थर्ड पार्टी तितकीच सक्तीची आहे. आणि ज्या काकूंनी लिहिलंय की ‘सोळा वर्षांचा नातू जवळच्या जवळ स्कूटर नेतो’, त्यांना: अल्पवयीन मुलाने चालवली तर पालक किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. नातवाला आजच थांबवा.

आता तो शब्द, दादा. ‘सापडलो’.

तुम्ही लिहिता, "दोनच पेग होते, गाडी एकदम व्यवस्थित चालवत होतो." कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. ती फार कमी आहे आणि मुद्दाम कमी ठेवलेली आहे. दोन पेग पोटात कधी गेले, बरोबर काय खाल्लं, अंगाने माणूस कसा आहे, यावर सगळं बदलतं. पेग मोजून घरी पोचता येत नाही. आणि ‘व्यवस्थित चालवत होतो’ ही नोंद त्या वेळी कोण घेत होतं? तेच डोकं, ज्यात दोन पेग होते. माझ्याकडे आलेल्या दारूच्या एकाही फाइलीत ‘मी अव्यवस्थित चालवत होतो’ असं कोणी लिहिलेलं मला आठवत नाही.

मी तुम्हाला वाईट माणूस समजत नाही. वाईट माणूस मुलीच्या क्लासची काळजी करत पत्र लिहीत नाही. पण मला काळजी अशी वाटते, की ‘सापडलो’ म्हणणाऱ्या माणसाचे पुढचे बेत न सापडण्याचे असतात. नाव बदलू, आतल्या रस्त्याने जाऊ, नाकाबंदी कुठे आहे ते मित्राला फोन करून विचारू. तुमच्या पत्रातला एजंटचा सल्ला मला त्याच रांगेतला वाटतो, म्हणून तर तो तुम्हाला इतक्या पटकन पटला. ‘चालवली’ म्हणून बघा. स्वतःशी नाही, वहिनींसमोर म्हणा. एकदा म्हटलं की पुढचं ठरवणं सोपं जातं: ज्या कार्यक्रमात ग्लास हातात येणार तिथे गाडी न्यायचीच नाही. मेढा असो, कास असो, की रहिमतपूर. रात्री मित्राच्या घरी राहायचं, नाहीतर न पिणाऱ्या माणसाबरोबर यायचं.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला पाठवायची गरज नाही. डिसेंबरानंतर तुम्ही किती वेळा प्यायलात, आणि त्यातल्या किती वेळा ठरवलेल्यापेक्षा जास्त झाली? उत्तराने तुम्ही स्वतःच दचकलात तर लाजू नका. क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. साताऱ्यातच परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम अनेक वर्षांपासून चालू आहे. समोरासमोर बोलणं जड वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

वर्षभर क्लेम नाही झाला तर पुढच्या नूतनीकरणाला वीस टक्के बोनस मिळेल, खरा, तुमच्या नावावरचा. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. तो माणसाबरोबर राहतो, ही गाडी विकून दुसरी घेतली तरी.

फ्रिजवरचे ते फॉर्म आज संध्याकाळीच एजंटला परत द्या. दुसरा एजंट बघायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा, मी असते तर बघितला असता. आणि वहिनींना सांगा की सही नको, विषय संपला. बाकीचं त्यानंतर, जेवणं झाल्यावर, मुलगी अभ्यासाला बसली की.

तुमची,
ताई